कोळशाची आवडनिवड

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, कापसाला बोंडे धरू लागली असता, तामसीतील एक वयस्क शेतकरी सायंकाळी आमच्याकडे आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काळी नळी होती. घरच्या पाण्याच्या फिल्टरातील ही कोळशाची नळी; दुकानदार हिला कार्ट्रिज म्हणतात. ओसरीवर बसून पाणी पिऊन झाल्यावर काकांनी ती आमच्यापुढे ठेवली आणि विचारले, "गुरुजी, हा कोळसा किती दिवस चालते जी?"

विक्रेत्याने त्यांना वर्षभराची हमी तोंडी दिली होती. सहा महिन्यांतच पाण्याला पूर्वीचा वास येऊ लागला, म्हणून नळी काढून ते आमच्याकडे आले होते. बोलण्याच्या ओघात आणखी एक गोष्ट त्यांच्या तोंडून निघाली. फिल्टर घरात आल्यापासून फवारणीचा पंप विहिरीच्या ओट्यावरच धुण्याची त्यांची धास्ती गेली होती. "कोळसा हाये ना घरात, तो सारं धरते," असे ते अगदी सहज म्हणाले. ते ऐकून आम्ही मात्र अस्वस्थ झालो.

आमचा प्रांत मराठीचा. रसायनशास्त्राशी आमचा संबंध शाळेच्या वेळापत्रकापुरता. तरीही 'बघून सांगतो' असे म्हणून आम्ही काकांना निरोप दिला आणि शाळेतील विज्ञानशिक्षकांना हाताशी धरून पुढचे पंधरा दिवस या विषयाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. विशेषतः आमच्या भगिनीवर्गापुढे, कारण घरच्या पाण्याची चिंता आजही बहुतेक त्यांच्याच शिरावर असते.

प्रारंभी एका शब्दाविषयी. स्पंज पाणी पितो, कापूस तेल पितो, त्याला आपण शोषण म्हणतो. कोळशाचे तसे नाही. पाण्यातील पदार्थ त्याच्या अंगात मुरत नाही, अंगावर बसतो. म्हणून आपल्या परिभाषाकारांनी या क्रियेला 'अधिशोषण' हा शब्द योजिला. अधिष्ठान, अधिवास या शब्दांतील 'अधि' तो हाच, म्हणजे वर, पृष्ठावर. युरोपीय भाषांतही हा भेद दाखविणारा शब्द १८८१ साली कायझर या जर्मन शास्त्रज्ञाने रूढ केला. तोवर दोन्ही क्रियांची सरमिसळच चालत असे. शब्द नीट असला की अर्धा विषय समजतो, असे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. येथे ते खरे ठरले. पदार्थ पृष्ठावरच बसणार असेल, तर पृष्ठ किती आहे हा पहिला प्रश्न होय.

आणि ते पृष्ठ थक्क करणारे आहे. नारळाची करवंटी, लाकूड अथवा दगडी कोळसा कोंडून जाळावयाचा आणि मग त्यावरून अतितप्त वाफ सोडावयाची. त्यायोगे कणाकणाला लक्षावधी सूक्ष्म छिद्रे पडतात. असा सक्रिय केलेला एक ग्रॅम कोळसा घेतला तर त्याच्या आतील भिंतींचे क्षेत्रफळ सुमारे हजार चौरस मीटर भरते. आमच्या वाचकांना एकराचा हिशेब अधिक जवळचा. चार ग्रॅम कोळशात एक एकर! काकांच्या नळीत शंभर ग्रॅम कोळसा धरला, तर पंचवीस एकरांचे रान त्या वीतभर नळीत गुंडाळलेले होते. चुलीतला कोळसाही हे काम करतो, परंतु त्याची जमीन फारच थोडी.

आता जमीन पंचवीस एकर असली तरी तीवर कोण उतरणार? 'तो सारं धरते' ही काकांची समजूत तपासण्यासाठी आम्ही शाळेत एक साधा प्रयोग केला. गुळाचे पातळ पाणी केले, त्यात प्रयोगशाळेतील सक्रिय कोळशाची पूड घातली, ढवळले, गाळले. तांबूस पाणी बरेचसे निवळले. मुलांनी टाळ्या पिटल्या. मग आम्ही मुलांना विचारले, आता चव कशी असेल? निम्म्याहून अधिक मुलांचे उत्तर 'सपक' असे आले. स्वच्छ पेल्यात दोन घोट घेऊन विज्ञानशिक्षकांनी चाखून दाखविले: गोडी जशीच्या तशी! रंग गेला, साखर राहिली. लोविट्झ नावाच्या औषधशास्त्रज्ञाला १७८५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे कोळशाचा हा रंग हरण्याचा गुण प्रथम ध्यानी आला, आणि पुढे युरोपातील साखरेचे कारखाने याच गुणावर पांढरी साखर काढू लागले. कोळशाने साखरही धरली असती, तर तो धंदा पहिल्याच दिवशी बुडाला असता.

कोळशाला अशी आवडनिवड आहे. ती कशावर ठरते, हा या विषयाचा गाभा होय. आणि गंमत अशी की तिचे कारण कोळशापेक्षा पाण्यातच अधिक सापडते. लग्नाच्या मांडवाचे उदाहरण घ्या. सगळे गणगोत हातात हात घालून बसलेले. त्यात एखादा परका पाहुणा शिरला, ना कुणाच्या ओळखीचा, ना बोलका. त्याला कोणी हाकलीत नाही, परंतु तो आपोआप मागे सरत भिंतीला टेकतो. पाण्याचे रेणू असेच एकमेकांचे हात धरून असतात. साखरेच्या रेणूला हात पुष्कळ; तो त्या साखळीत सहज सामील होतो आणि पाण्यातच रमतो. रंगद्रव्यांचे, तेलकट पदार्थांचे रेणू मात्र परके. पाणी त्यांना आपल्यातून बाहेर सारते आणि समोर कोळशाची भिंत आयतीच असते. भिंतीचे स्वतःचे आकर्षणही असते, नाही असे नाही. विशेषतः ज्या रेणूंत कार्बनची चपटी वलये असतात ते कोळशाच्या तशाच चपट्या पापुद्र्यांवर ताटावर ताट बसावे तसे बसतात.

हे एकदा ध्यानात आले की प्रयोगावाचून अंदाज बांधता येऊ लागतो. ट्राउबे या जर्मन संशोधकाने १८९१ साली एक सुरेख नियम मांडला. मुंग्यांच्या दंशातील आम्ल, शिरक्यातील आम्ल, मग त्याहून एक कार्बन अधिक असलेले, मग खवट लोण्याला उग्र वास आणणारे, अशी आम्लांची एक माळ आहे. माळेतील प्रत्येक पुढच्या मण्यात एक कार्बन आणि दोन हायड्रोजन अधिक. आणि त्या प्रत्येक भरीगणिक पाण्याच्या पृष्ठाकडे धाव घेण्याची वृत्ती सुमारे तिपटीने वाढते. कोळशाच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. शिरक्याचे आम्ल कोळसा थोडे धरतो, लोण्याचे पुष्कळ अधिक. रेणूची शेपटी मोजावी आणि कोळशाची ओढ सांगावी, इतके ते सोपे. अर्थात हे पाण्यापुरते. पाण्याऐवजी दुसरा द्रव आणि कोळशाऐवजी दुसरी भिंत घेतली तर क्रम उलटाही होतो. मांडव बदलला की परका कोण हेही बदलणारच.

पुढे १९०६ च्या सुमारास फ्रॉइंडलिश याने कोळशावरील भार आणि पाण्यात उरलेले प्रमाण यांचे गणित बसविले. ते सूत्र येथे लिहून वाचकांना घाबरविण्याची आमची इच्छा नाही. तात्पर्य एवढेच की पाण्यात पदार्थ चौपट झाला तर कोळशावरील भार चौपट होत नाही, पुष्कळदा दुपटीच्याच आसपास राहतो. प्रत्येक पदार्थाला दोन आकडे लागतात. ते मिळाले की बाकीचे त्रैराशिक. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेतर्फे डॉब्ज आणि कोहेन या दोघांनी १९८० साली अनेक विषारी पदार्थांसाठी हे आकडे प्रयोगाने काढून प्रसिद्ध केले. लिटरमागे १ मिलिग्रॅम पदार्थ पाण्यात उरलेला असताना त्यांचा एक ग्रॅम कोळसा क्लोरोफॉर्म धरीत असे २.६ मिलिग्रॅम, कार्बोलिक आम्ल म्हणजे फिनॉल २१ मिलिग्रॅम, आणि डिल्ड्रिन हे जुने कीटकनाशक ६०६ मिलिग्रॅम!

या आकड्यांवरून काकांच्या प्रश्नाचे गणित आम्ही एका रात्री कंदिलासमोर नव्हे, पण दिव्यासमोर बसून खरोखरीच मांडले. नळीत १०० ग्रॅम कोळसा, घरात रोज पिण्याला २० लिटर पाणी, आणि पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम पदार्थ असे धरले. हा ०.२ चा आकडा भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यातील क्लोरोफॉर्मला घालून दिलेली कमाल मर्यादा आहे. उत्तरे अशी आली. क्लोरोफॉर्मसाठी नळी २० दिवसांत भरते. फिनॉलसाठी सुमारे सात महिन्यांत. आणि डिल्ड्रिनसाठी, निदान कागदावर, अठरा वर्षांत!

नळी तीच, कोळसा तोच, पाणी तितकेच. मग 'वर्षभर चालते' या हमीचा अर्थ काय? 'कशासाठी?' हे न विचारता दिलेले कोणतेही उत्तर निरर्थक आहे.

क्लोरोफॉर्मचे नाव ऐकून कोणी दचकू नये. शस्त्रक्रियेच्या जुन्या गोष्टींतील हे द्रव्य पाण्यात बाहेरून कोणी टाकीत नाही. पाण्यातील कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश आणि ब्लीचिंग पावडरीतील क्लोरीन यांच्या संयोगातून ते अल्प प्रमाणात जन्मते, हे रोटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातील रूक या रसायनशास्त्रज्ञाने १९७४ साली दाखविले. म्हणून ब्लीचिंग पावडर बंद करावी असे कोणी मनात आणू नये. पटकी आणि हगवण यांनी घेतलेले बळी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगावयास नको. उघड्या भांड्यात पाणी चांगले उकळले तर क्लोरोफॉर्म बव्हंशी उडून जाते.

परंतु जगात रसायने लाखांनी मोजावी इतकी. प्रत्येकाचा प्रयोग कोण करीत बसणार? म्हणून रेणूच्या नुसत्या घडणीवरून भाकीत करण्याचे प्रयत्न झाले. यात मायकेल पोलान्यी या हंगेरियन तरुणाची कथा आम्हांस फार भावली. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत त्याने असा सिद्धांत मांडला की भिंतीची ओढ भिंतीपासून काही अंतरापर्यंत पसरलेली असते आणि तिच्यावरून एका पदार्थाच्या वर्तनापासून दुसऱ्याचे वर्तन सांगता येते. १९२१ साली बर्लिनमध्ये त्याला हा सिद्धांत मांडण्यास बोलाविले. ऐकणाऱ्यांत हाबर होते आणि साक्षात आइन्स्टाइन होते. दोघांनीही तो अमान्य केला. तशी ओढ असण्याचे कारणच त्या काळच्या भौतिकशास्त्राला ठाऊक नव्हते. ते कारण १९३० साली लंडन नावाच्या शास्त्रज्ञाने दाखविले. तरी पोलान्यीच्या सिद्धांताकडे विद्वानांचे लक्ष वळण्यास आणखी कित्येक वर्षे गेली. १९६९ मध्ये मेनिस आणि होफर यांनी तो पाण्यातील पदार्थांना लावला, आणि पदार्थाची विद्राव्यता, घनता, प्रकाश वाकविण्याचा गुण अशा पुस्तकात सापडणाऱ्या आकड्यांवरून कोळशाचा भार वर्तविता येऊ लागला. थोरांनी नाकारले म्हणून त्याने आपला विचार सोडला नाही, पण परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी विद्यार्थ्यांना मात्र आपण प्रचलित मतच शिकवीत होतो, असे पोलान्यीने पुढे स्वतःच लिहून ठेविले आहे. मुख्याध्यापकाला ही कबुली वाचून काय वाटले असेल ते वाचकांनी ताडावे.

दुसरी एक युक्ती अधिक घरगुती आहे. एका बाटलीत पाणी आणि ऑक्टॅनॉल नावाचा तेलासारखा द्रव घ्यावयाचा, त्यात पदार्थ टाकून हलवावयाचे, आणि दोन थर वेगळे झाल्यावर पदार्थ कोणत्या थरात किती गेला ते मोजावयाचे. तेलात अधिक गेला तो पाण्याला परका. त्याला कोळसा धरणार.

ही कसोटी आपल्या कापूसपट्ट्याला लावून पाहू. डीडीटी पाण्यापेक्षा ऑक्टॅनॉलमध्ये दहा लक्ष पटींहून अधिक जाते. कोळसा त्यावर तुटून पडतो. क्लोरपायरीफॉस लिटरभर पाण्यात जेमतेम एक मिलिग्रॅम विरघळते. तेही कोळशाच्या आवडीचे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंद केलेले एंडोसल्फान याच पंगतीतले. आणि मोनोक्रोटोफॉस? ते पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते, ऑक्टॅनॉलपेक्षा पाण्यातच अधिक रमते. अॅसिफेटही तसेच, लिटरभर पाण्यात अर्ध्या किलोहून अधिक विरघळेल. साखरेचेच हे भाऊबंद! कोळशाच्या भिंतीकडे ते सहसा फिरकत नाहीत. अंदाजाला चकविणारेही आहेत. इमिडाक्लोप्रिड पाण्यात लिटरमागे सहाशे मिलिग्रॅमपर्यंत विरघळते, तेव्हा कोळसा त्याला सोडून देईल असे वाटावे; परंतु त्याच्या अंगी चपटी वलये आहेत आणि त्यांच्या जोरावर ते अपेक्षेपेक्षा बरेच चिकटते.

आमच्या अस्वस्थतेचे कारण आता ध्यानात येईल. मोनोक्रोटोफॉस आपल्या भागात वर्षानुवर्षे कापसावर फवारले गेले. २०२३ च्या केंद्रीय आदेशाने त्याच्या ३६ टक्के द्रावणाला निरोप मिळाला. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, ती आठवण अजून ताजी आहे. ती विषबाधा फवारताना झाली होती, पाण्यातून नव्हे, हे खरे. पण ज्या द्रव्यांची आपल्याला सर्वाधिक भीती वाटावी त्यांतील काही नेमकी कोळशाच्या नावडीची आहेत. भारतीय मानक मोनोक्रोटोफॉसला लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून, म्हणजे एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहून, अधिक जागा देत नाही. काकांच्या विहिरीत ते आहे असे आम्ही म्हणत नाही. तपासल्यावाचून ते कोणीच सांगू नये. परंतु ओट्यावर पंप धुवावयाचा आणि कोळशावर विसंबावयाचे, हा हिशेब चुकीचा आहे.

आणखी एक गोष्ट. वरची सारी गणिते शुद्ध पाण्यात एकच पदार्थ आहे असे धरून केलेली. प्रत्यक्ष पाणी म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आदिलाबादची बस! पालापाचोळ्याच्या कुजण्यातून आलेली द्रव्ये कीटकनाशकापेक्षा शेकडो पटींनी अधिक असतात आणि तीच आधी चढून जागा अडवितात. छिद्रांची तोंडेही बुजवितात. मग वीस दिवसांचे दहा होतात, सात महिन्यांचे दोन. याहून विचित्र प्रकार असा की आधी बसलेल्या दुबळ्या प्रवाशाला मागाहून आलेला दांडगा उठवितो. त्या वेळी नळीत शिरणाऱ्या पाण्यापेक्षा नळीतून निघणाऱ्या पाण्यातच तो दुबळा पदार्थ अधिक असू शकतो. शिवाय कोळसा क्लोरीनही काढून घेतो, त्यामुळे जुन्या ओल्या नळीत जंतू सुखाने वाढतात. पाणी वेगाने सोडले तर पदार्थाला छिद्रात शिरावयास वेळच मिळत नाही, तो भाग वेगळाच. आणि भरलेली नळी भरल्याची कोणतीही खूण दाखवीत नाही. काकांना वास आला हे त्यांचे नशीब म्हणावयाचे. बहुतेक विषांना त्या प्रमाणात वासही नसतो.

क्षार, नायट्रेट, फ्लोराइड यांच्याशी या कोळशाचा संबंध नाहीच म्हटले तरी चालेल. आपल्याच राज्यातील नलगोंडा भागाला फ्लोराइडने पिडले, तेव्हा नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुन्याची जी रीत बसविली ती नलगोंडा पद्धत म्हणून सर्वत्र ओळखली जाते. ही संस्था १९५८ साली निराळ्या नावाने सुरू झाली आणि १९७४ पासून नीरी झाली. प्रत्येक व्याधीचे औषध वेगळे.

पंधरा दिवसांनी काका पुन्हा आले, तेव्हा आम्ही हे सारे त्यांना गुळाच्या पाण्यावरून सांगितले. गूळ त्यांना चटकन पटला. थोडा वेळ ते नळीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मंग हे औषध म्हंजे साखरच झालं की जी." कोणा रसायनज्ञालाही याहून नेमके सांगता आले नसते.

"मंग पंप कुठं धुवाव?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. पंप शेतातच, विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर, तीन वेळा विसळावा, आणि ते विसळलेले पाणी ज्या पिकावर फवारणी केली त्याच पिकावर फवारून टाकावे, असे आम्ही सांगितले. विहिरीचे पाणी कीटकनाशकांसाठी तपासून घेण्याचेही ठरले. ही तपासणी नेहमीच्या तपासणीत येत नाही, वेगळी मागून घ्यावी लागते. नळीविषयी आम्ही एवढेच म्हणालो की वास आणि रंग यांपुरती ती ठेवावी, परंतु वर्षाची वाट पाहू नये.

परवा त्यांच्या घरी जाण्याचा योग आला. ओट्याजवळची पंप टांगण्याची खुंटी रिकामी होती; पंप आता शेतातल्या खोपीत असतो. सुनेने नवी नळी बसविल्याची तारीख स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिली आहे, आणि तीन महिने पुढच्या पानावर एक गोल काढून ठेविला आहे.